कोर्तिनाचा ओलिंपिया देल्ले तोफाने: बायकांचा कोर्स म्हणजे सोपा कोर्स असतो का?

मृदगंध_नाशिक

नमस्कार मंडळी, मी इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची ही दुसरीच वेळ.

२०२६ च्या फेब्रुवारीत इटलीत हिवाळी ऑलिंपिक झालं, त्यातली बायकांची डाउनहिल, म्हणजे डोंगरावरून खाली येण्याची स्कीमधली सगळ्यात वेगवान शर्यत, आम्ही घरी सगळ्यांनी मिळून बघितली. लेक आठवीत आहे, पाच वर्षं झाली इनलाइन स्केटिंग करतेय, त्यामुळे वेग काय, वळणावर झुकणं काय हे तिला अंगाने कळतं. ती शर्यत बघताना सोफ्यावर बसलेलीच नव्हती, उभी राहून गुडघे वाकवून बघत होती. अमेरिकेची लिंडसे व्होन पडली तेव्हा घरात कोणी बोलेना, हेलिकॉप्टर येईपर्यंत सगळे नुसते स्क्रीनकडे बघत होते. तेव्हापासून पोरीला त्या कोर्सचं वेड लागलंय, नावसुद्धा पाठ केलंय, ओलिंपिया देल्ले तोफाने.

आता प्रश्न असा की पुरुषांच्या शर्यती बोर्मिओला झाल्या आणि बायकांच्या कोर्तिनाला. तिच्या क्लासमधला एक मुलगा तिला म्हणाला की मुलींना सोपा डोंगर देतात म्हणून तर जागा वेगळी. दोन दिवस घुश्शात आहे आणि सारखं मला विचारतेय, आई हे खरं का. मला माहीत नाही हो. "तसं काही नसतं गं" म्हणून तिची समजूत काढायची नाहीये, आणि ती तेवढ्यावर ऐकणारही नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी नीट सांगा, कडू असलं तरी चालेल. आणि सुरुवातीलाच दोन मोठ्या खडकांच्या मधून खाली येतात ती जागा नेमकी काय आहे तेही सांगा, तिला त्याचं चित्र काढायचंय.

कातळकडा (पुणे)

ताई, मी स्की कधी पायात घातलेली नाही, पण डोंगराचे आकडे वाचायची सवय आहे म्हणून सांगतो.

सुरुवात साधारण २,३०० मीटरच्या थोडी वर आणि शेवट १,५६० च्या आसपास, म्हणजे उंचीतला फरक जवळपास ७६० मीटर. कोर्सची लांबी अडीच किलोमीटरच्या थोडी पुढे. आता हे डोळ्यासमोर यायला एक हिशोब करा, पुणं समुद्रसपाटीपासून ५६० मीटर आणि सिंहगडाचा माथा १,३१२. म्हणजे पुण्यातून निघून गडाच्या टोकापर्यंत आपण जेवढी उंची गाठतो ना, जवळजवळ तेवढी उंची या पोरी दीड मिनिटात उतरतात. अमेरिकेच्या ब्रीझी जॉन्सनने सुवर्ण घेतलं ती वेळ आहे १ मिनिट ३६.१० सेकंद. सरासरी काढली तर ताशी ९५ किलोमीटरच्या वर जाते, आणि ती सरासरी आहे, वळणं धरून. मधला टॉप स्पीड १२० च्या पुढे असतो.

त्या खडकांमधल्या जागेला तोफाना शुस म्हणतात. शुस हा जर्मन शब्द, सरळ उतारावर न वळता सुसाट खाली जाणं म्हणजे शुस. आपल्या ट्रेकरांच्या भाषेत सांगायचं तर ती एक नळी आहे, दोन्ही अंगाला उभा कातळ आणि मधून उतरणारा अरुंद पट्टा. सह्याद्रीतल्या नळीत दगडधोंडे असतात, इथे बर्फ. उतार ६५ टक्क्यांच्या घरात, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की ६५ मीटर खाली, अंशात बोलायचं तर ३३ अंश. ३३ अंशाच्या गवताळ घसाऱ्यावर आपण बूड टेकून उतरतो.

पण तुम्ही सरळ विचारलंय तर सरळ सांगतो, नियमातच फरक आहे. बायकांच्या डाउनहिलला उंचीतला फरक जास्तीत जास्त ८०० मीटर ठेवायचा आणि पुरुषांच्या मोठ्या शर्यतींना ८०० पासून ११०० पर्यंत. म्हणून जागा वेगळी असावी. त्यामुळे तो मुलगा अगदीच चूक बोलला असं म्हणता येणार नाही असं मला वाटतं.

आल्प्सवारी (म्युनिक)

कातळकडा, आकडे सगळे बरोबर आहेत पण त्यातून काढलेला अर्थ मला अजिबात पटलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो, ताई लेकीला वाचून दाखवा.

आधी इतिहास. कोर्तिनाला हिवाळी ऑलिंपिक पहिल्यांदा झालं १९५६ साली. तेव्हा पुरुषांची डाउनहिल कुठे झाली माहितीये? याच ओलिंपिया देल्ले तोफानेवर. कोर्स जास्त लांब होता, पण डोंगर हाच, नाव हेच. ऑस्ट्रियाचा टोनी झाइलर तिथे साडेतीन सेकंदांच्या फरकाने जिंकला आणि त्या ऑलिंपिकमधलं त्याचं ते तिसरं सुवर्ण, म्हणजे आल्पाइनच्या (उतारावरच्या स्कीच्या) तिन्ही शर्यती, डाउनहिल आणि जास्त वळणांच्या स्लॅलम, जायंट स्लॅलम, एकट्याने मारल्या. त्याची एक गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात, सुरुवातीच्या जरा आधी त्याच्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला बांधून ठेवतात त्याचा, पट्टा तुटला, दुसरा जवळ नाही, आणि इटलीच्या टीमच्या ट्रेनरने, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या माणसाने, स्वतःच्या स्कीचे पट्टे काढून त्याला दिले. त्या वर्षी बायकांची डाउनहिल कानालोने नावाच्या दुसऱ्या उतारावर होती, ती स्वित्झर्लंडच्या मॅडलेन बेर्तोने जिंकली, तिच्या पंचविसाव्या वाढदिवशी.

तर सांगायचा मुद्दा हा की हा पुरुषांच्या ऑलिंपिकचा डोंगर आहे जो पुढे बायकांनी आपला केला. १९९३ पासून जानेवारीत बायकांचा वर्ल्ड कप, म्हणजे हिवाळाभर वेगवेगळ्या जागी होणारी शर्यतींची मालिका, इथे येतो, मधली काही वर्षं सोडून. तीस वर्षं झाली. बायकांच्या स्पीड शर्यतींमध्ये, म्हणजे डाउनहिल आणि सुपर-जी (तशीच वेगवान, पण थोडी छोटी आणि जास्त वळणांची), ही जागा म्हणजे पंढरी आहे. पुरुषांमध्ये ऑस्ट्रियातल्या किट्झब्युलचं जे स्थान ते इकडे कोर्तिनाचं.

आता उंचीतल्या फरकाचं. ८०० ची मर्यादा म्हणजे शर्यत किती वेळ चालणार त्याची मर्यादा झाली, मांड्या किती वेळ जळणार त्याची. उतार किती उभा, वळण किती आंधळं, उडी किती लांब, बर्फ किती कडक, यात त्या नियमाचा संबंधच येत नाही. तोफाना शुस बायकांसाठी कोणी सपाट करून देत नाही, खडक तेच आहेत. आणि ८०० च्या मर्यादेत ७६० म्हणजे जवळपास काठोकाठ भरलेला कोर्स आहे हा.

मी जानेवारी २०२५ ला स्वतः गेलो होतो. म्युनिकहून ब्रेनरमार्गे गाडीने, टोब्लाखला वळलं की रस्ता डोलोमाइटच्या पोटात शिरतो. गावातून रुमेर्लोपर्यंत बस, तिथेच फिनिश. टीव्हीवर एक गोष्ट कधीच कळत नाही ती म्हणजे आवाज. फिनिशच्या थोडं वर कोर्सच्या कडेला नेटच्या अलीकडे उभं राहिलं की आधी काहीच दिसत नाही, नुसती करवत पत्र्यावर ओढल्यासारखी खरखर येते, ती वाढत जाते, मग एकदम समोरून एक आकृती जाते आणि पाठोपाठ हवेचा सपकारा. चेहरा दिसत नाही. डोकं वळवेपर्यंत ती खाली पोचलेली असते. माझ्या शेजारी एक आजी होत्या, गावातल्याच, त्या प्रत्येक मुलीच्या वेळी छातीवर क्रॉस करत होत्या आणि ती फिनिशला पोचली की मगच श्वास सोडत होत्या. मोठ्या पडद्यावर वरचा शुस दिसतो, तिकडे खडकांची गडद सावली आणि त्यातून बाहेर पडल्यावर लख्ख ऊन, त्या सावलीतून उन्हात येताना डोळ्यांना जो क्षण लागतो त्या क्षणात ती २५-३० मीटर पुढे गेलेली असते.

शर्यतीआधी इन्स्पेक्शन असतं, मुली आडव्या स्कीवर सावकाश घसरत घसरत सगळा कोर्स खाली येतात, प्रत्येक गेटपाशी (ज्या खांबांमधून जायचं असतं तिथे) थांबतात, वर बघतात खाली बघतात. नंतर लिफ्टजवळ मी एकीला बघितलं, डोळे मिटून उभी होती आणि हाताचा पंजा हवेत हलवत होती, डावीकडे, उजवीकडे, थोडा थांबला, परत डावीकडे. सगळा कोर्स तिच्या त्या तळहातात होता. डाउनहिलला आधी टाइम्ड ट्रेनिंग तरी असतं, सुपर-जीला तेही नसतं, फक्त हे एक इन्स्पेक्शन आणि मग थेट शर्यत.

त्या शनिवारी सोफिया गोज्जा जिंकली. इटलीची पोर, इटलीचा डोंगर, रुमेर्लोला जो कल्लोळ झाला तो मी शब्दात नाही सांगू शकत.

फौजीकाका_सातारा

बेटा आल्प्सवारी, छान लिहिलंस. मी बर्फाबद्दल सांगतो कारण ते इथे कोणी बोललं नाही.

मी नोकरीत असताना गुलमर्गला हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये स्कीचा कोर्स केलाय, पुढे काही वर्षं शिकवायलाही होतो. आपली मराठीची अडचण अशी की आकाशातून पडतो तोही बर्फ आणि गोळेवाल्याच्या गाडीवर किसतात तोही बर्फच. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला वाटतं की भुसभुशीत मऊ गादीवरून घसरत येतात, पडलं तरी काय लागणार. शर्यतीचा बर्फ तसा नसतो. मुद्दाम पाणी घालून तो कडक करतात. एक लांब आडवी नळी असते, तिला ओळीने बारीक तोट्या, ती बर्फावर टेकवायची आणि दाबाने पाणी आत सोडायचं, मग पुढे सरकायचं, परत टेकवायची. रात्रीच्या थंडीत ते आतपर्यंत गोठतं. हे करतात कारण पहिल्या मुलीला जसा कोर्स मिळाला तसाच चाळिसाव्या मुलीला मिळावा, मऊ राहिला तर दहाव्या नंबरपर्यंत खड्डे पडतात आणि मागच्यांची शर्यत तिथेच संपते.

असल्या बर्फावर स्कीचा तळ काही कामाचा नाही, फक्त कडा, ती पोलादाची धारदार कड, तिच्यावर सगळं शरीर तोलायचं. मला पहिल्यांदा असा गोठलेला उतार लागला तेव्हा पाय खालून कोणीतरी काढून घेतल्यासारखा गेला, पन्नास-साठ मीटर घसरत गेलो, हाताने पकडायला काही नाही, हातमोजा बर्फावर टेकवला तर तोही सुळकन सरकतो. उतार होता वीस एक अंशाचा आणि वेग काहीच नव्हता. तेव्हा ३३ अंशावर, असल्या बर्फावर, दोन मीटर दहा सेंटिमीटरच्या स्की पायात (बायकांच्या डाउनहिलला किमान लांबी तेवढी लागते), ताशी १२० ने जायचं आणि शिवाय वळायचंही. नातीला सांगा, ज्याने सोपं म्हटलं त्याने आयुष्यात घसरगुंडीच्या पुढे काही केलेलं नाही.

कातळकडा (पुणे)

काका, आल्प्सवारी, मान्य. मी फक्त उंचीचा फरक बघून बोललो. १९५६ चं मला माहीतच नव्हतं. ताई, लेकीला सांगा पुण्याच्या काकाने शब्द मागे घेतला.

मृदगंध_नाशिक

सगळ्यांचे खूप खूप आभार, रात्री जेवणं झाल्यावर सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सिंहगडाचा हिशोब आणि तो तळहाताचा किस्सा तिला सगळ्यात आवडला, झोपेपर्यंत पंजा हलवत होती. १९५६ चं वाक्य तिने वहीत लिहून घेतलंय, उद्या क्लासमध्ये वापरणार आहे.

आता तिचा पुढचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तो माझाही आहे. व्होन नेमकी का पडली? तिचं लिगामेंट आधीच तुटलेलं होतं म्हणतात, मग तिला उतरू कसं दिलं? आमच्या घरी यावरून वाद झाला, सासूबाईंचं म्हणणं की एक्केचाळिसाव्या वर्षी एवढा हट्ट कशाला करायचा.

रेवाकाठ

मी व्होनला २००९-१० पासून फॉलो करतेय म्हणून लिहिते, थोडं भावनिक होईल.

कोर्तिना तिच्यासाठी नुसती एक जागा नाहीये. वर्ल्ड कपमध्ये ती पहिल्यांदा पोडियमवर आली ती इथे, जानेवारी २००४. नंतर इथे १२ शर्यती जिंकली. २०१५ च्या जानेवारीत तिने आधी डाउनहिल जिंकून आनेमारी मोझर-प्र्योलच्या ६२ विजयांची बरोबरी केली आणि दुसऱ्याच दिवशी सुपर-जी जिंकून ६३ वा घेतला, पस्तीस वर्षं टिकलेला विक्रम एका रात्रीत गेला, तोही याच उतारावर. २०१९ ला निवृत्त झाली, उजव्या गुडघ्यात धातूचा भाग बसवून घेतला, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये परत आली. का परत आली याचं मोठं कारण हेच की ऑलिंपिक कोर्तिनाला होतं.

३० जानेवारीला स्वित्झर्लंडमध्ये क्रान्स-मोन्टानाला पडली तिथे डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, गेलं. नऊ दिवसांनी ती कोर्तिनाच्या स्टार्टला उभी होती, मधे ट्रेनिंग रन पूर्ण केलेले. स्टार्टपासून तेरा सेकंद. लाइन जराशी आत गेली आणि उजवा हात गेटच्या आत अडकला, त्या वेगात हात अडकला की अख्खं शरीर फिरतं, हवेतच. तिने स्वतः नंतर सांगितलं की लिगामेंटचा याच्याशी काही संबंध नव्हता, काही इंच आत गेले एवढंच. डाव्या पायाची नडगी मोडली, एकापाठोपाठ ऑपरेशनं झाली.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण मी त्याला हट्ट नाही म्हणणार. तिला कोर्स माहीत होता, धोका माहीत होता, डॉक्टर सोबत होते, आणि आदल्या दोन महिन्यांत ती जिंकत होती, नुसती हजेरी लावायला आली नव्हती. पुरुष खेळाडू दुखापत घेऊन उतरला की आपण त्याला लढवय्या म्हणतो, मोडक्या जबड्याने बॉलिंग टाकली म्हणून अनिल कुंबळेचं कौतुक आपण वीस वर्षांहून जास्त करतोय आणि करायलाच पाहिजे. तोच शब्द इकडे का नाही वापरायचा?

आल्प्सवारी (म्युनिक)

रेवा, शंभर टक्के. आणि यात अजून एक गोष्ट आहे जी मला या कोर्सबद्दल सगळ्यात जास्त सांगावीशी वाटते, ती ही की हा डोंगर ज्यांना पाडतो त्याच परत येऊन इथे उभ्या राहतात.

ब्रीझी जॉन्सन घ्या, जी जिंकली. २०२२ च्या जानेवारीत याच कोर्सवर ट्रेनिंगमध्ये पडली, गुडघा गेला, बीजिंग ऑलिंपिक हुकलं. चार वर्षांनी त्याच डोंगरावर ऑलिंपिक सुवर्ण, मधल्या काळात २०२५ ला झालबाखला डाउनहिलची विश्वविजेतीही झाली. जर्मनीची एमा आयखर तिच्यापेक्षा ०.०४ सेकंदाने मागे. ताशी शंभरच्या वेगाने हिशोब केला तर चार शतांश सेकंद म्हणजे जेमतेम मीटरभर, अडीच किलोमीटरमध्ये.

तिसरी गोज्जा. तिचं तर या जागेशी नातंच वेगळं आहे. २०२२ ला शनिवारी इथली डाउनहिल जिंकली, रविवारी सुपर-जीमध्ये पडली, लिगामेंट अर्धवट फाटलं, पायाच्या बारीक हाडाला मार. २३ दिवसांनी बीजिंगला डाउनहिलचं रौप्य. पुढच्या वर्षी २०२३ ला परत कोर्तिनाला आली आणि परत जिंकली. २०१८ ला ऑलिंपिक सुवर्ण, २०२२ ला रौप्य, २०२६ ला कांस्य, सलग तीन ऑलिंपिकमध्ये डाउनहिलचं पदक.

स्वित्झर्लंडची कोरिन सूटर २०२१ ला इथे डाउनहिलची विश्वविजेती झाली, तेव्हा कोविडमुळे प्रेक्षक नव्हते, एवढा मोठा डोंगर आणि खाली शुकशुकाट. २०२४ ला त्याच कोर्सवर तिचं एसीएल गेलं. त्याच दिवशी त्याच शर्यतीत अमेरिकेची मिकाएला शिफ्रिन नेटमध्ये गेली, काही आठवडे बाहेर बसली, ती शिफ्रिन जिने २०१९ ला इथली सुपर-जी जिंकलेली. या फेब्रुवारीत तिने कोर्तिनालाच स्लॅलमचं सुवर्ण घेतलं. आणि इटलीची फेदेरिका ब्रिन्योने, एप्रिल २०२५ ला पाय इतका वाईट मोडला होता की परत चालेल का अशी चर्चा होती, दहा महिन्यांनी पस्तिसाव्या वर्षी घरच्या डोंगरावर सुपर-जीचं सुवर्ण आणि तीन दिवसांनी जायंट स्लॅलमचंही. सुपर-जीच्या दिवशी मी इथे ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मोबाईलवर बघत होतो, शेजारचा इटालियन सहकारी टेबलावर डोकं ठेवून रडला.

ताई, सुरक्षेचंही सांगतो म्हणजे लेकीच्या मनात नुसती भीती नको राहायला. कोर्सच्या धोकादायक कडेला दोन प्रकारच्या जाळ्या असतात. एक कायमची, उंच, खांबांना टांगलेली, कडा किंवा खडक असेल तिथे. दुसरी तात्पुरती, बर्फात रोवलेल्या काठ्यांवर, एकामागे एक दोन-तीन रांगा, आपटलं की काठ्या उपटून जाळी सोबत येते आणि वेग थोडा थोडा खाते. शिवाय सूटच्या आत एअरबॅग, सेन्सरला कळलं की तोल गेला की आपटायच्या आधीच ती छाती आणि पाठीभोवती फुगते. २०२४-२५ च्या सीझनपासून वर्ल्ड कपच्या स्पीड शर्यतींना ती सक्तीची केली. गुडघ्याला मात्र अजून तसं काही संरक्षण नाही, आणि बायकांच्या स्पीड शर्यतीत सगळ्यात जास्त जातो तो गुडघाच. माझ्या मते पुढची दहा वर्षं सगळा जोर तिकडे लागायला पाहिजे.

फौजीकाका_सातारा

यात आपल्या पोरींचंही नाव येऊ दे. १९८८ ला कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिंपिकला शैलजा कुमार उतरली, हिवाळी ऑलिंपिक खेळलेली पहिली भारतीय स्त्री, स्लॅलममध्ये २८ वी आली. आणि मनालीजवळच्या बुरुआ गावची आंचल ठाकूर, तिने २०१८ ला तुर्कस्तानात कांस्य घेतलं, स्कीइंगमधलं भारताचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय पदक. तोफानेसारखा कोर्स आपल्याकडे नाही, पण गुलमर्गचा अफरवाट डोंगर उंचीने तोफानेच्या डोंगराला मागे टाकतो, गोंडोला ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. डोंगर आहेत आपल्याकडे. जाळ्या, पाणी घालायची यंत्रं, टायमिंग, दर हिवाळ्यात शर्यती, हे पाहिजे.

मृदगंध_नाशिक

काका, हे वाचल्या वाचल्या तिने विचारलं, मला शिकता येईल का. आता काय सांगू? वय तेरा, बर्फ आजवर फक्त फ्रीजमधला बघितलाय. स्केटिंगचा काही उपयोग होतो का?

आणि हो, चित्र काढून झालं. दोन खडक, मधे पांढरा पट्टा आणि त्यात एक निळा ठिपका. मी म्हटलं माणूस एवढा छोटा? तर म्हणाली आई, तो तेवढाच दिसतो तिथे.

फौजीकाका_सातारा

का नाही येणार. तेरा हे उशिराचं वय आहे शर्यतीसाठी, तिकडची मुलं तीन-चार वर्षांची असल्यापासून स्कीवर असतात, हे तिला आधीच खरं खरं सांगा. पण शिकायला उशीर कधीच नसतो. गुलमर्गला सरकारी स्कीइंग आणि माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट आहे, उत्तराखंडात औलीला सात आणि चौदा दिवसांचे कोर्स असतात, जानेवारी ते मार्च बघा. स्केटिंगचा उपयोग नक्की होतो, तोल आणि कडेवर वजन टाकणं तिला येत असणार, फक्त वजन मागे टाकायची सवय असेल तर ती मोडावी लागेल, उतारावर घाबरलं की माणूस मागे रेलतो आणि तिथेच पडतो. नडगी बुटाच्या पुढच्या भागाला सतत टेकलेली पाहिजे.

पहिले दोन दिवस कोणी लिफ्टला हात लावू देणार नाही हेही सांगून ठेवा. स्की पायात घालून तिरके पाय टाकत स्वतः वर चढायचं, पाच सेकंद घसरायचं, परत चढायचं. आत्तापासून रोज जिने चढायला लावा, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसायला लावा, आधी एक मिनिट, मग दीड.

मृदगंध_नाशिक

भिंतीला बसली आहे आत्ता. एक मिनिट ३६ सेकंद लावून दे म्हणाली.